संशयाचं टपाल

१४ जानेवारी १८८२ रोजी मुरुडला रघुनाथ कर्वे यांचा जन्म झाला, तेव्हा वडील धोंडो केशव मुंबईत कॉलेजात शिकत होते आणि आई राधाबाई गावाकडे होत्या. हे मुरुड दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या दक्षिणेचं, पोफळीच्या वाड्यांचं आणि दुर्गादेवीचं. जंजिऱ्याचं मुरुड ते वेगळं. असा दोन ठिकाणी वाटलेला संसार इथे कुणाला नवा नव्हता. नवरा मुंबईत, बायको सासू-सासऱ्यांपाशी, मधे हर्णै बंदर आणि आगबोट. गणपती-शिमग्याला गाठ पडली तर पडली, एरवी नवराबायकोने एकमेकांना कागदावरूनच ओळखायचं.

ज्याला जोडीदाराच्या लपवलेल्या निरोपाचा आणि त्यातून उठणाऱ्या संशयाचा मागोवा घ्यायचा आहे, त्याने या किनाऱ्यावर थोडं थांबावं. पिढ्यान्‌पिढ्या टपालावर चाललेले संसार इथे आहेत. शिवाय व्यभिचाराबद्दल समाजाला तोंडावर प्रश्न विचारून त्याची किंमत कोर्टात मोजणारा मराठी माणूसही इथलाच.

मोबाइल आले आणि घरं फुटू लागली, असं सांगणारे हल्ली पावलोपावली भेटतात. त्यांना बृहस्पतिस्मृती दाखवायला हवी. परस्त्रीशी संबंध ठेवण्याच्या गुन्ह्याच्या तिथे तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. एका शय्येवर बसणं, आलिंगन, चुंबन ही वरची पायरी. फुलं, अत्तर, वस्त्रं पाठवणं ही मधली. आणि अगदी खालच्या पायरीवर कटाक्ष टाकणं, हसणं आणि दूतीकरवी निरोप धाडणं. म्हणजे निरोप हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे, निरोप हाच गुन्हा. याज्ञवल्क्याने मात्र पुरावा म्हणून जरा दणकट गोष्टी मागितल्या आहेत: केस धरलेल्या अवस्थेत सापडणं, अंगावरच्या ताज्या खुणा, दोघांची कबुली. नुसत्या निरोपाला किती वजन द्यायचं, याबद्दलचं हे दुमत आजच्या कौटुंबिक न्यायालयापर्यंत तसंच चालत आलं आहे.

स्मृतिकार दंड ठरवत होते आणि इकडे आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली ‘गाथासप्तशती’ त्याच निरोपांची मजा घेत होती. हाल राजाच्या या संग्रहात दूती आहेत, शेजारणी आहेत, वाटसरू आहेत. एका प्रसिद्ध गाथेत घरची सून मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सासू कुठे झोपते, आपण कुठे झोपतो हे बजावून सांगते. वरकरणी सूचना अशी की रात्री अंधारात ठेचकाळून कुणाच्या अंगावर पडू नकोस. सासू तिथेच असली तरी काय पकडणार? असा निरोप पुसून टाकण्याची गरजच नसते, कारण तो लिहिलेलाच नसतो. पुढे करपल्लवी आणि नेत्रपल्लवी आल्या: बोटांच्या खुणांनी अक्षरं जुळवायची, डोळ्यांनी बोलायचं. चारचौघांत बसून चोरून बोलण्याच्या या कलांची नावं मराठीत इतकी सहज रुळली, यावरूनच त्यांची चलती कळावी.

पेशवाईत या सगळ्याला सरकारी नाव होतं शिंदळकी, आणि तिच्यातून सरकारला उत्पन्नही होतं. पुरुष बहुधा दंड भरून सुटे. बाईला बटीक करून सरकारी कोठीत किंवा किल्ल्यावर कामाला लावल्याच्या नोंदी त्या काळच्या दफ्तरांत आहेत. कागदाने एवढी भरलेली ती राजवट, कारकुनाच्या मोडीला तिथे तोटा नव्हता. पण बाईच्या हातची चिठ्ठी पुढे येऊन तिचा निकाल लागावा, अशी त्या काळाची रीतच नव्हती. लिहू शकणारी बाई हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिच्यावरचा आळ उभा राहायचा तो शेजाऱ्यांच्या तोंडावर, जातीच्या बैठकीवर, नाहीतर नवरा परगावी असताना राहिलेल्या दिवसांवर.

मग टपाल आलं. १८५४ पासून अर्ध्या आण्यात पत्र देशभर कुठेही जाऊ लागलं, १८७९ मध्ये पैशाचं पोस्टकार्ड निघालं, १८८० मध्ये मनीऑर्डर. कोकणाइतका या तिन्हींचा उपयोग क्वचितच कुणी करून घेतला असेल. पण या टपालात नवराबायकोचं खाजगी असं काय होतं? कार्ड उघडं. पोस्टमन वाचणार, ओटीवर बसलेला दीर वाचणार, आणि जिला ते लिहिलं तिला वाचता येत नसल्याने शेवटी दुसरंच कुणीतरी तिला ते वाचून दाखवणार. दिराने वाचायच्या पत्रात नवरा लिहिणार काय? पैसे पोचल्याचं कळवावे, आईस जपावे, नारळाचा हिशेब ठेवावा. मनीऑर्डरच्या फॉर्मवरच्या चार बोटं जागेत मावेल तेवढंच प्रेम.

संशय या वाटेने यायचा तो तिऱ्हाइताच्या पत्रातून. ‘एकदा घरी येऊन जावे’ एवढंच मोघम लिहिलेलं, खाली सही नसलेलं कार्ड मुंबईच्या खोलीत येऊन पडलं की माणसाची झोप उडायची. मुंबईत त्याने स्वतः दुसरं घर थाटलं असेल, तर ते कळवणारं निनावी कार्ड गावी बायकोच्या नावाने मात्र येत नसे. आणि आलं असतं तरी तिने ते न्यायचं कुणाकडे?

इथे मला या सगळ्या कहाणीचा कणा दिसतो. निरोप नेहमीच होते, संशयही नेहमीच होता. दर पिढीत बदलत गेलं ते एवढंच, की वाचता कुणाला येतं आणि वाचलेल्याचा जाब विचारण्याचा हक्क कुणाला आहे.

मुलींच्या शाळांना एकोणिसाव्या शतकात जो विरोध झाला, त्यात धर्माइतकीच एक घरगुती भीती होती. बाई लिहायला शिकली तर परपुरुषाला चिठ्ठ्या लिहील. आज हसू येतं, पण विरोधकांना व्यवहार बरोबर कळला होता. पत्र लिहिणारी बाई म्हणजे घरातल्या कुणाच्या हातून न जाता बाहेर पोचणारी बाई. रघुनाथ कर्वे जन्मले त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापून निघालं. सुरतेच्या एका विधवेवरच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर जे तोंडसुख घेतलं होतं, त्याला ते सणसणीत उत्तर होतं. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत का, हा ताराबाईंचा रोखठोक सवाल. गावच्या चावडीपासून छापखान्यापर्यंत संशय घेण्याचं काम तोवर एकतर्फी होतं. ताराबाईंनी तो उलट दिशेला वळवला.

त्याच सुमाराचा आणखी एक संसार या मागोव्यात येतो, तो कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचा. नवरा गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. बायकोला हट्टाने लिहायला-वाचायला शिकवणारा आणि १८८३ मध्ये डॉक्टर व्हायला एकटीला अमेरिकेला धाडणारा. तिथे तिने लुगडं नेसण्याची पद्धत थंडीमुळे बदलली तर गोपाळरावांना ते खटकलं. त्यांच्या पत्रांत शाबासकीच्या शेजारीच टोचणी असायची, ती तिकडे बदलते आहे की काय हा काच असायचा. आनंदीबाईंनी त्यांना दिलेली उत्तरं वाचली की कळतं, लिहायला शिकलेली बायको संशयाला नुसती बळी पडत नाही, त्याचा पत्रोत्तरी समाचारही घेते. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या.

आता जरा रंगभूमीकडे. १८९३ साली गोविंद बल्लाळ देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे नाटक लिहिलं. त्याचंच पुढे ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. घोटाळा सगळा एका तसबिरीचा. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि वरून त्याची बायको कृत्तिका ते पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती तसबीर न्याहाळत असताना फाल्गुनराव येतो. झालं! दोघांकडेही ‘पुरावा’ आहे, दोघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि दोघंही ठार चुकलेले आहेत.

ही तसबीर आपल्याकडे बरीच लांबून आली. देवलांनी आधार घेतला तो आर्थर मर्फीच्या १७६१ सालच्या इंग्रजी नाटकाचा, आणि मर्फीने घेतला मोलिएरच्या १६६० सालच्या फ्रेंच प्रहसनाचा. पॅरिसमध्येही मुलगी मूर्च्छा येऊन पडते आणि हातातलं चित्र खाली पडतं. अडीचशे वर्षांत तीन भाषा झाल्या, पण घोटाळ्याची रचना कुणाला बदलावीशी वाटली नाही, कारण ती पक्की आहे. वस्तू खरी, पाहणारा खरा आणि निष्कर्ष खोटा. देवलांच्या नाटकातही बायको नवऱ्याइतकीच संशयी आणि तितकीच बोलकी आहे. कृत्तिका रडत कोपऱ्यात बसत नाही, पाळत ठेवते. आपल्या प्रेक्षकाला हे इतकं मानवलं की नाटक अजून जुनं झालेलं नाही.

सालांचा एक योगायोग नोंदवून ठेवतो. १८९३ सालीच मुरुडच्या धोंडो केशवांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ‘संशयकल्लोळ’ रंगमंचावर आणलं, आणि त्याच साली धोंडो केशवांचं महिला विद्यापीठ सुरू झालं. एकीकडे पुण्या-मुंबईचे नवरे फाल्गुनरावाला हसत होते, दुसरीकडे त्यांच्या लेकीसुना पदवीच्या अभ्यासाला बसत होत्या. पुढच्या पिढीत त्यांची पत्रं त्या स्वतः लिहिणार होत्या, आणि स्वतः फोडणार होत्या.

धोंडो केशवांचे चिरंजीव रघुनाथराव याच्या पुष्कळ पुढे गेले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत ते चालवलं. मराठी समाजातली सगळ्यांत लपवलेली पत्रं त्या काळात बहुधा याच मासिकाच्या पत्त्यावर जात असतील. जे डॉक्टरला विचारता येत नाही, घरात तर मुळीच नाही, ते लोक कर्व्यांना लिहून विचारत आणि कर्वे अंकात छापून उत्तर देत. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरीही दोनशे रुपये दंड झालाच.

कर्व्यांचा एकूण विचार सांगायचा तर असा: नवराबायकोमधल्या मत्सराच्या मुळाशी मालकी आहे. बायको ही नवऱ्याची मालमत्ता असं धरून चाललं, तरच तिने दुसऱ्याला लिहिलेलं पत्र म्हणजे चोरी ठरते. शरीरसुखाचा हक्क दोघांना सारखा, आणि अपत्य व रोग यांची काळजी घेतली असेल तर इतरांनी त्यात नाक खुपसू नये. हा माणूस आजही अनेकांना पचणार नाही. मलाही त्यांचं सगळंच पटतं असं नाही. फसवलं गेल्याचं दुःख मालकी हक्काच्या हिशेबात पुरतं बसत नाही, आणि कर्वे त्या दुःखापाशी फार वेळ थांबत नाहीत. पण कायद्याचं निदान त्यांनी अचूक केलं होतं.

तो कायदा असा. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात व्यभिचार हा गुन्हा नव्हताच. नंतरच्या आयोगाने तो घातला आणि १८६० च्या दंड संहितेत कलम ४९७ झालं. परक्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. बाईला शिक्षा नाही. पण बाईला तक्रारीचाही हक्क नाही. तिच्या नवऱ्याने बाहेर काही केलं तर या कलमाला त्याचं सोयरसुतक नव्हतं, आणि नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नाही. १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात या कलमाला आव्हान मिळालं, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती छागलांनी मान्य केलं की याच्या मुळाशी बायको ही नवऱ्याची मालमत्ता ही कल्पना आहे. मान्य करून कलम कायम ठेवलं. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं. कर्वे त्याच्या आदल्या वर्षी गेले होते.

याच छागलांसमोर १९५२ मध्ये एक वैवाहिक अपील आलं होतं. या विषयाचं एवढं नेमकं प्रकरण मला दुसरं ठाऊक नाही, म्हणून ते जरा तपशिलात सांगतो. मुंबईत राहणारं गुजराती कुटुंब, सुनेचं माहेर जळगाव. नवरा जानेवारी १९४७ मध्ये कामासाठी इंग्लंडला गेला. मे महिन्यात परतला तेव्हा वडिलांनी त्याच्या हाती एक पत्र ठेवलं. बायकोने ते लिहिलं होतं एका मित्राला. हा मित्र त्यांच्याच घरी काही काळ राहून गेलेला. पत्र वाटेतच सासऱ्यांच्या हाती लागलं होतं.

आता पाहा, नवऱ्याने काय केलं. आधी पत्राच्या फोटो-प्रती काढायला दिल्या. मग बायकोला विचारलं. ती म्हणाली, मी असं काही लिहिलेलं नाही, पत्र दाखवा. पत्र फोटोग्राफरकडे आहे, तो म्हणाला. प्रती हाती आल्यावर त्याने ती प्रत तिच्यापुढे धरली, आणि नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा तिने कबूल केलं, वर तो मित्र तुझ्याहून चांगला माणूस आहे असंही सुनावलं. स्क्रीनशॉट काढून ठेवावा आणि मगच विषय काढावा हा शहाणपणा १९४७ च्या मुंबईत पुरेपूर होता.

२४ मे रोजी ती जळगावला गेली. जुलैत नवऱ्याच्या सॉलिसिटरचं पत्र तिच्या मागे गेलं. नोव्हेंबरात ती परत यायला निघणार असं दिसताच नवऱ्याने तिच्या वडिलांना तार केली, मुलीला पाठवू नका. चार वर्षं उलटल्यावर, १९५१ मध्ये, त्याने मुंबई प्रांताच्या १९४७ च्या हिंदू घटस्फोट कायद्याखाली दावा लावला: बायको मला टाकून गेली. व्यभिचार हे कारण त्याने धरलं नाही. त्या कायद्यात एवढ्याशा पत्रावर भागलंही नसतं. बायको दुसऱ्याची ठेवलेली आहे, असं दाखवावं लागलं असतं.

पहिल्या कोर्टात तो जिंकला. छागला आणि भगवती यांच्या खंडपीठाने निकाल फिरवला, आणि १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. न्यायालयाचा तर्क साधा होता. पत्र उघडं पडल्यावर बाई शरमेने माहेरी गेली असेल; म्हणून तिने संसार कायमचा सोडायचा बेत केला होता असं ठरत नाही. ती यायला तयार होती, तिला अडवलं नवऱ्याच्या तारेने. म्हणजे या दाव्यात कागद दोन होते. बायकोच्या पत्राने संशय सिद्ध केला असेल नसेल, नवऱ्याच्या तारेने मात्र त्याचाच दावा बुडवला. टाकून जाण्यावरच्या प्रत्येक खटल्यात आजही हा निकाल पुढे ठेवतात.

तीनच वर्षांनी, एप्रिल १९५९ मध्ये, मुंबईत नानावटी प्रकरण घडलं. ते सर्वांना तोंडपाठ आहे, म्हणून एवढंच: कमांडर नानावटींना पत्नीच्या संबंधांचा पत्ता पत्रांवरून लागला नव्हता, तो तिच्या तोंडूनच कळला. पत्नी सिल्व्हियाने प्रियकर आहुजाला लिहिलेली पत्रं नंतर, आहुजाच्या खुनाच्या खटल्यात वाचली गेली. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. गोळ्या झाडणाऱ्या नवऱ्यावर त्या वेळी गावाने केवढं प्रेम केलं, हे वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत दिसतं, आणि वाचताना आजही कसंसंच होतं.

उच्च न्यायालयात नानावटींविरुद्ध सरकारच्या बाजूने उभे होते पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७५ मध्ये ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’ या निकालात त्यांनी लिहिलं की वैवाहिक दाव्यात गुन्हेगारी खटल्यासारखा वाजवी शंकेपलीकडचा पुरावा लागत नाही. शक्यतांचं पारडं कुठे झुकतं ते पाहावं. संशयिताला आधी जे संरक्षण होतं ते यामुळे बरंच उतरलं. १९७६ च्या दुरुस्तीने घटस्फोटासाठी ‘व्यभिचारात राहत असणं’ ही अट जाऊन एकच प्रसंग पुरेसा ठरला. १९८५ मध्ये सरन्यायाधीश असताना याच चंद्रचूडांनी कलम ४९७ पुन्हा एकदा वैध ठरवलं. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी ते रद्द केलं, त्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. नवरा हा बायकोचा मालक नाही, असं त्या दिवशी सर्वोच्च न्यायालय म्हणालं. कर्व्यांना दंड झाल्याला सत्त्याऐंशी वर्षं झाली होती.

मोबाइलचा काळ वाचकांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे, तेव्हा त्यात रेंगाळत नाही. चाकरमानी आता मुंबईहून रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो; संसाराचे दोन तुकडे मात्र आहेत तसेच आहेत. व्हॉट्सॲपवर निळी टिक २०१४ मध्ये आली आणि ‘वाचलंस तरी उत्तर का नाही’ हे नवं भांडण घरात घेऊन आली. २०१७ पासून पाठवलेला मेसेज पुसता येतो, २०२० पासून तो आपणहून नाहीसा होतो, २०२३ पासून एखाद्या संभाषणालाच कुलूप लावता येतं. पुसलेल्या मेसेजच्या जागी तो पुसल्याची नोंद राहते. संशयी माणसाला मेसेजपेक्षा ती नोंदच जास्त छळते, कारण तिच्यात हवं ते वाचता येतं. फाल्गुनरावाला निदान तसबीर तरी होती.

नवी गोष्ट एकच, पण मोठी: बायकोही आता नवऱ्याचा फोन उघडते, वाचते, जाब विचारते. आगबोटीच्या काळातल्या त्या निरक्षर बाईच्या वाट्याला हे कधीच आलं नसतं. तिला पाळत ठेवायची मुभा मिळाली यात आनंद मानावा की नाही, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

कायदा या फोनकडे कसं पाहतो? १९७२ मध्येच, मुंबईच्या एका लाचेच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने फोनवरचं बोलणं गुपचूप टेप केलेलं असलं तरी पुरावा म्हणून चालेल असं म्हटलं होतं. २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आणि वाटलं, आता हे बदलेल. पंजाबातल्या भटिंड्याच्या एका नवऱ्याने बायकोशी झालेली बोलणी तिच्या नकळत रेकॉर्ड केली होती. तिथल्या उच्च न्यायालयाने ती नाकारली. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घेतली. नवराबायकोमधलं बोलणं उघड न करण्याचं साक्षीच्या कायद्यातलं संरक्षण त्यांच्या आपसांतल्या दाव्याला लागू होत नाही, आणि एकमेकांवर पाळत ठेवण्याची वेळ आली म्हणजे लग्न आधीच मोडलेलं आहे, असा त्याचा आशय. मला हे दुसरं विधान घाईचं वाटतं. फाल्गुनराव-कृत्तिकेचं लग्न मोडलेलं नव्हतं.

तेव्हा कुणाला घरातल्या फोनमध्ये काही सापडलं असेल, तर वकिलाकडे जाण्याआधी हे माहीत असू द्या. व्यभिचार आता तुरुंगाचा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेतही तो परत आलेला नाही. घटस्फोटाचं कारण म्हणून तो आहे, नवरा आणि बायको दोघांनाही. स्क्रीनशॉटसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या वादात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सक्तीचं केलं, आणि त्यातून सुटका आहे ती मूळ फोन त्याच्या मालकाने स्वतः कोर्टात हजर केला तर. जोडीदाराचा फोन तुमचा नव्हे, आणि परवानगीवाचून त्यात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्यात तुमच्यावरच शेकू शकतं. आणि मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगून ठेवलं आहे: जोडीदाराच्या चारित्र्यावर लेखी चिखलफेक करणं हा मानसिक छळ आहे, त्यावर समोरच्याला घटस्फोट मिळू शकतो, आणि नंतर दुरुस्ती करून ते आरोप मागे घेतले तरी झालेला छळ पुसला जात नाही.